ग्रहांचे आणि त्यांच्या चंद्रांचे फोटो: परत परत येणारे प्रश्न

गुरू-शनीचा फोटो कुणाला दाखवला की त्यानंतर जे प्रश्न येतात ते बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळे एका जागी लिहून टाकतोय. सोपे आधी, किचकट नंतर. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिण्याऐवजी जिथे लागेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. माझ्याकडे छोटी दुर्बीण आणि फोन एवढंच आहे, काही होईल का?

होईल, आणि सुरुवात तिथूनच करा. ७० मिमीच्या दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे चंद्र, दोन मुख्य पट्टे आणि शनीचं कडं फोनवर येतं. फोन आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) हाताने धरू नका, क्लॅम्प लावा, नाहीतर अर्धी रात्र ग्रह परत फ्रेममध्ये आणण्यातच जाते. फोनची एक खोड असते, सगळीकडे काळोख दिसला की तो आपणहून उजेड वाढवतो आणि गुरूचा पांढराफटक गोळा होतो, म्हणून ग्रहावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करायचा आणि मग पट्टे दिसेपर्यंत उजेड खाली ओढायचा. फोटो नको, व्हिडिओ घ्या (का ते प्रश्न ६ मध्ये).

बारीक तपशील हवा असेल तर मात्र आरसा किंवा भिंग मोठं लागतं. ११६ ला दुर्बिणीच्या मिमीमधल्या व्यासाने भागा, जे येईल तेवढ्या आर्कसेकंदाचा तपशील ती वेगळा दाखवू शकते. २०० मिमीला ०.५८. आर्कसेकंद म्हणजे आपली विकला, एका अंशाचा ३६०० वा भाग. पौर्णिमेचा चंद्र साधारण १८०० आर्कसेकंद रुंद दिसतो आणि गुरू प्रतियुतीला (सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून पृथ्वीला जवळ असताना) फक्त ४४ ते ५०, यावरून काय ते समजा.

२. शहरात राहतो, दिव्यांचा उजेड खूप आहे. लांब जावं लागेल का?

नाही. ग्रह एवढे तेजस्वी असतात की दिव्यांचा उजेड किंवा चांदणं त्यांचं काही बिघडवत नाही. लांबच्या आकाशगंगा नि तेजोमेघ काढणाऱ्यांना काळोख लागतो, आपल्याला स्थिर हवा लागते, आणि ती भर शहरातही मिळते. अपवाद शनीचे अंधुक चंद्र नि मंगळाचे चंद्र, ते पुढे येतीलच.

३. "हवा स्थिर" म्हणजे नक्की काय? काल आकाश इतकं लख्ख होतं, तारे चमचम करत होते, तरी फोटो भंगार आला.

तारे चमचम करत होते ना, तिथेच उत्तर आहे. लख्ख असणं आणि स्थिर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाऊस पडून गेल्यावर, थंड वारं सुटल्यावर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं पण वर गरम-थंड हवेचे थर एकमेकांत घुसळत असतात, प्रत्येक थर प्रकाश थोडा वेगळा वाकवतो आणि ग्रह वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो. उलट वारा पडलेला, थोडं धुरकट, तारे मंद आणि गप्प, अशा रात्री बाकीचे लोक दुर्बीण बाहेरही काढत नाहीत आणि शनीचं कडं मात्र कोरल्यासारखं दिसतं. मला मिळालेले सगळ्यात चांगले गुरू असल्याच मळकट रात्रींचे आहेत.

या स्थिरतेला सगळे "सीइंग" म्हणतात. मोजायच्या दोन पट्ट्या आहेत आणि त्या उलट्या दिशेने जातात: पिकरिंगची १ ते १०, त्यात १० सर्वोत्तम, आणि अँतोनियादीची १ ते ५, त्यात १ सर्वोत्तम. कुणी "आज २ होतं" म्हणालं तर आधी विचारा कुठल्या पट्टीवर, मग हेवा करा.

४. आज रात्री हवा कशी असेल ते आधी कळतं का?

बऱ्यापैकी. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो, तो तुमच्या डोक्यावर असेल तर रात्र बहुतेक वाया. हवामानाच्या साइटवर २५० हेक्टोपास्कल पातळीच्या वाऱ्याचा नकाशा मिळतो, त्यात तुमच्या भागावर रंग शांत असले की आशा धरायची. विषुववृत्ताजवळच्या आणि समुद्रातल्या बेटांवरच्या लोकांना इथे मोठा फायदा मिळतो, जेट स्ट्रीम लांब असते आणि समुद्रावरून येणारी हवा थरांत सरळ, न घुसळता वाहते. बार्बाडोस, फिलिपिन्समधलं सेबू, कॅनरी बेटं इथून जे फोटो येतात ते बघून आपल्या दुर्बिणीला दोष देऊ नका.

हा अंदाज मी दुर्बीण बाहेर काढायची की नाही एवढ्यासाठीच वापरतो. अंदाज वाईट असतानाही मध्यरात्रीनंतर वीस मिनिटं हवा एकदम थिजल्यासारखी झालेली मी बघितलीय. एवढंच की तेव्हा जागं असावं लागतं.

५. अंदाज चांगला होता, तारेही लुकलुकत नव्हते, तरी ग्रह उकळतोय. आता काय?

आता दोष बहुतेक वरच्या हवेचा नसतो, तुमच्या आसपासच्या हवेचा असतो. दुर्बीण घरातून गरम बाहेर आली की आरसा तासभर तरी उष्णता सोडत राहतो आणि नळीच्या आत गरम हवेची झुळूक फिरते, बंद नळीच्या दुर्बिणीला तर दोन तासही लागतात. तपासायची युक्ती सोपी आहे: एखादा तेजस्वी तारा मुद्दाम आउट ऑफ फोकस करा, जी मोठी चकती दिसते तिच्यात धुरासारखं काहीतरी संथपणे वर चढताना दिसलं तर ते नळीतलं. चकतीवरून सगळं एकाच दिशेने झपझप धावत असेल तर ते वरचं, त्याला इलाज नाही.

मग दिवसभर तापलेली गच्ची, काँक्रीट, शेजारच्या एसीचं तोंड, यांच्यावरून ग्रह बघत असाल तर तीच गत. गवतावर किंवा मातीवर उभं राहा, ग्रह छपराच्या वरून सरकेपर्यंत थांबा. आणि लॅपटॉप दुर्बिणीच्या तोंडाखाली ठेवू नका, मी पूर्ण एक सीझन ठेवत होतो.

६. फोटो का नाही काढायचा, व्हिडिओच का?

कारण हवा सतत हलत असली तरी मध्येच क्षणभर थांबते, आणि तो क्षण कधी येणार ते सांगता येत नाही. म्हणून सेकंदाला शंभर-दोनशे फ्रेम घ्यायच्या, हजारो जमवायच्या, आणि नंतर सॉफ्टवेअरने त्यातल्या स्थिर तेवढ्या निवडून एकावर एक रचायच्या. याला लकी इमेजिंग म्हणतात. अशी नशीबवान फ्रेम मिळण्याची शक्यता किती, याचं गणित डेव्हिड फ्रीडने १९७८ मध्ये मांडलं होतं. दुर्बीण जितकी मोठी तितकी पूर्ण फ्रेम स्थिर मिळणं अवघड, हेही त्या गणितातूनच येतं.

रचल्याने दुसरा फायदा म्हणजे दाणे (नॉइज) कमी होतात. १०० फ्रेम रचल्या की दाणे दहा पट कमी, १०००० रचल्या की शंभर पट, म्हणजे वर्गमुळाचा हिशोब. एकट्या फ्रेममध्ये गुरू वाळूत काढल्यासारखा दिसतो, घाबरू नका, तो तसाच असायला हवा.

७. कॅमेरा कुठला? माझा डीएसएलआर चालेल का?

चालेल, पण लाइव्ह व्ह्यू पाच पट किंवा दहा पट झूम करून त्याचा व्हिडिओ घ्या, साधा व्हिडिओ नको, त्यात कॅमेरा पिक्सेल गाळून चित्र लहान करतो आणि वरून कॉम्प्रेस करतो. छोटा यूएसबी ३ ग्रह-कॅमेरा मात्र खूपच सोपा पडतो. सोनीच्या आयएमएक्स४६२ किंवा ५८५ सेन्सरचे कॅमेरे सध्या बऱ्याच जणांकडे आहेत, दोन्हीचे पिक्सेल २.९ मायक्रॉनचे, आणि इन्फ्रारेडमध्येही चांगलं बघतात (प्रश्न २२). पहिला कॅमेरा कलरच घ्या. मोनो (काळा-पांढरा) चांगला असतो पण फिल्टर बदलत बसेपर्यंत गुरू फिरून जातो.

एसएसडी हवीच. ६४० बाय ४८० ची खिडकी, ८ बिट, सेकंदाला १०० फ्रेम, दोन मिनिटं, एवढ्याची फाइल ३.७ जीबी होते. एका रात्रीत असे तीस व्हिडिओ सहज होतात, मग हिशोब करा.

८. बार्लो किती पटीची लावू? ५एक्स लावली तर मोठा दिसेल ना?

बार्लो म्हणजे फोकल लेंग्थ वाढवून चित्र मोठं करणारं भिंग. ५एक्सने मोठा दिसेल, अंधुक दिसेल, आणि तपशील तेवढाच राहील. नियम असा धरा: दुर्बिणीचा एफ-नंबर (फोकल लेंग्थ भागिले व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनच्या साधारण ५ पट. २.९ मायक्रॉनला एफ/१५ च्या आसपास. हवा फारच छान असेल तर ७ पटीपर्यंत, म्हणजे एफ/२०. बेताच्या हवेत ४ पटही ठीक.

उदाहरण म्हणून २०० मिमी एफ/१० घेऊ, फोकल लेंग्थ २००० मिमी, २एक्स बार्लोने ४०००. आता २०६ गुणिले २.९ भागिले ४०००, म्हणजे एक पिक्सेल ०.१५ आर्कसेकंदाचा, आणि ४५ आर्कसेकंदांचा गुरू ३०० पिक्सेलचा. "एवढासाच?" असं सगळ्यांनाच वाटतं. हो, एवढासाच.

९. एक्स्पोजर, गेन, हिस्टोग्राम, काय किती ठेवू?

आधी एक्स्पोजर (एका फ्रेमला किती वेळ प्रकाश घ्यायचा ते) ठरवा, गेन (कॅमेऱ्याने सिग्नल किती वाढवायचा ते) नंतर. हवा गोठवायची असते म्हणून गुरूला साधारण ५ ते १५ मिलिसेकंद, मंगळाला त्याहून कमी, शनी अंधुक म्हणून २० ते ४०. मग हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ५० ते ७० टक्क्यांवर येईपर्यंत गेन चढवा. गेनने दाणे वाढतात खरे, पण दाणे रचून जातात आणि हललेलं चित्र रचून सुधारत नाही, त्यामुळे घाबरून एक्स्पोजर लांबवू नका. फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप या व्हिडिओ घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रहाभोवती खिडकी लहान केली की फ्रेम रेट चढतो. फाइल एसईआर (कॉम्प्रेस न केलेला व्हिडिओ) ठेवा.

१०. फोकस बरोबर आहे हे कळायचं कसं? सगळंच हलतंय.

यावर मी जितका वेळ घालवतो तितका दुसऱ्या कशावरच नाही. ग्रहाच्या कडेकडे बघू नका, ती हवेमुळे कायम फसवते. गुरू असेल तर एखाद्या चंद्राकडे बघा, आयओ किंवा युरोपा, गेन तात्पुरता चढवा आणि तो सगळ्यात बारीक टिंब कुठे होतो ते शोधा. मग ग्रहावर परत या.

प्रत्यक्षात हे असं चालतं: फोकसर एका बाजूला फिरवत न्यायचा, चित्र मऊ व्हायला लागलं की लक्षात ठेवायचं, मग उलट फिरवत पलीकडे मऊ होईपर्यंत, आणि शेवटी दोन्हींच्या मध्ये थांबायचं. मग हात काढून घ्यायचा आणि वीस-तीस सेकंद नुसतं स्क्रीनकडे बघायचं. पट्टे विरघळतात, एक कड फुगते, परत बसते, आणि मध्येच पाव सेकंद गुरूवरच्या तांबड्या ठिपक्याच्या (मोठ्या वादळाच्या) मागची पांढरट खळबळ दाणेदार दिसून जाते. ती ज्या जागी सगळ्यात जास्त वेळा दिसते तो फोकस. हात लावून फिरवत असताना दुर्बीणच हलते, म्हणून मोटरचा फोकसर घेतला तर पैसे सार्थकी लागतात. आरसा सरकवून फोकस होणाऱ्या दुर्बिणीत ग्रह उडी मारून खिडकीबाहेर जातो, त्याची सवय करून घ्या. आणि रात्र गार होते तसा फोकस सरकतो, दर तीन-चार व्हिडिओंनंतर परत तपासा.

११. कोलिमेशन खरंच एवढं महत्त्वाचं आहे?

हो. कोलिमेशन म्हणजे दुर्बिणीचे आरसे-भिंगं एका रेषेत जुळवणं. दुर्बीण गार झाल्यावर, ग्रहाच्या जवळचा तारा फ्रेमच्या बरोबर मधोमध घेऊन, जरासा आउट ऑफ फोकस करून कडी एककेंद्री आहेत का बघा. दुर्बीण जशी आहे तशी, बार्लोसकट. कारमधून नेली-आणली असेल तर न बघता पुढे जाऊच नका.

१२. व्हिडिओ किती मिनिटांचा चालतो?

ग्रह फिरतो म्हणून मर्यादा. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, ४५ आर्कसेकंदांच्या बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला सुमारे ०.२४ आर्कसेकंद सरकतो. २०० मिमी दुर्बिणीची मर्यादा ०.५८, म्हणजे दोन मिनिटांत जवळपास तेवढं सरकून होतं. म्हणून गुरूला दोन मिनिटं, मोठी दुर्बीण असेल तर दीड. शनीही १० तास ३३ मिनिटांत फिरतो पण बिंब लहान आणि तपशील मऊ, पाच मिनिटं चालतात. मंगळाचा दिवस २४ तास ३७ मिनिटांचा, तिथेही पाच आरामात.

जास्त फ्रेम हव्या असतील तर छोटे छोटे पाच-सहा व्हिडिओ घ्या आणि रचलेली चित्रं विनज्युपोस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटी फिरवून एका वेळेवर आणा, याला डीरोटेशन म्हणतात. त्यासाठी घड्याळ बरोबर हवं (प्रश्न २३).

१३. ग्रहाच्या एका कडेला निळं आणि समोरच्या कडेला लाल येतंय, कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठीक आहे. हवा प्रिझमसारखी वागते, निळा प्रकाश जास्त वाकतो म्हणून आकाशात निळं बिंब किंचित वर आणि लाल खाली दिसतं (दुर्बीण चित्र उलटवत असेल तर उलट). ग्रह जितका क्षितिजाकडे तितकं जास्त. सॉफ्टवेअरमध्ये लाल-निळे थर सरकवून कड सुधारते, पण प्रत्येक रंगाच्या आतला पुसटपणा राहतोच, कारण एकेका रंगातही पसरट पट्टा असतो. खरा उपाय एडीसी, दोन फिरत्या प्रिझमांची छोटी पेटी, बार्लो आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावतात. ग्रह ६० अंशांच्या वर असेल तर तिची फारशी गरज नाही. ग्रह कायम खालीच असेल तर बार्लोच्याही आधी ही घ्या असं मी म्हणेन.

१४. ऑटोस्टॅकर्टमध्ये किती टक्के फ्रेम ठेवायच्या?

ठरलेला आकडा नाही. ऑटोस्टॅकर्ट म्हणजे फ्रेम निवडून रचणारं सॉफ्टवेअर, ते दर्जाचा आलेख दाखवतं, त्यात रेघ कुठे कोसळते ते बघा. स्थिर रात्री ५० टक्के ठेवूनही चालतं, वाईट रात्री १० टक्के. शंका असेल तर १०, २५ आणि ५० असे तीन स्टॅक (रचलेली चित्रं) करा आणि शार्प करून शेजारी ठेवा, दोन मिनिटांत उत्तर मिळतं. कमी फ्रेम ठेवल्या की तपशील थोडा सुधारतो पण दाणे येतात, आणि मग दाणे दाबायला गेलं की तोच तपशील जातो.

१५. शार्पनिंग केल्यावर ग्रहाच्या कडेला कांद्याच्या पाकळ्यांसारखी कडी येतात, मंगळाला तर आत एक वेगळीच चकती दिसते.

कडी दोन कारणांनी येतात, एक म्हणजे वेव्हलेट (शार्प करायचं साधन) जोरात ओढलंय, दुसरं म्हणजे खूप कमी प्रकाशात ८ बिट व्हिडिओ घेतलाय. मंगळाच्या आतली चकती हे वेगळं प्रकरण, तेजस्वी कडेचा प्रकाश भिंगातच विवर्तनाने पसरतो आणि शार्प केल्यावर ती सालीसारखी उठून दिसते. ती पूर्ण जात नाही. कडेचा भाग कमी शार्प केलेल्या चित्रातून घेऊन वर बसवतात, तेवढंच.

किती शार्प करायचं? रात्री दोन वाजता जेवढं आवडेल त्याच्या अर्धं. सकाळी बघा, मग हलवा.

१६. एआयने शार्प केलं तर?

करणारे करतात, मी करत नाही. वेव्हलेट फ्रेममध्ये जे आहे तेच उठवतं, चुकलं तर चुकलेलं दिसतं. एआय मात्र गुरू कसा दिसायला हवा हे आधीच शिकून बसलेलं असतं आणि तुमच्या मऊ पट्ट्यात सुंदर भोवरे काढून देतं, जे त्या रात्री तिथे नव्हते. दाणे कमी करायला हलक्या हाताने वापरलंत तर समजू शकतो, पण मग तसं लिहा. आणि ते चित्र मोजमापासाठी कुणाला देऊ नका.

१७. गुरूचे चंद्र फोटोत एकतर दिसतच नाहीत, नाहीतर लांबट रेघा येतात.

दिसत नाहीत ते गुरूच्या एक्स्पोजरला ते फिके पडतात म्हणून. त्याच व्हिडिओत असतात, स्टॅकची कर्व्ह वर ओढून बघा. लांबट का येतात तर सॉफ्टवेअर गुरूला जागेवर धरतं आणि चंद्र सरकत असतात, आयओ १.७७ दिवसांतच फेरी पूर्ण करतो. दोन मिनिटांत फारसं काही नाही, पण अनेक व्हिडिओंचं डीरोटेशन केलं की रेघ दिसते, आणि चंद्र बिंबाच्या समोर असेल तर दुप्पट घोळ. उपाय म्हणजे चंद्रांसाठी मधला एकच व्हिडिओ वेगळा रचा, फक्त चंद्रावर अलाइनमेंट पॉइंट (फ्रेम जुळवायचा बिंदू) ठेवून, आणि त्या वेळेच्या जागी चित्रात बसवा.

चंद्रांवर तपशील? गॅनिमीड साधारण १.७ आर्कसेकंद, कॅलिस्टो १.५, आयओ १.२, युरोपा १. प्रश्न ८ मधल्या मापाने गॅनिमीड ११ पिक्सेलचा झाला. २५० मिमीच्या पुढच्या दुर्बिणीतून फार स्थिर रात्री त्यावर गडद-फिकट भाग खरोखर येतात. त्याहून लहान दुर्बिणीने आलेला "तपशील" आधी दुसऱ्या स्वतंत्र व्हिडिओत तसाच येतो का ते बघा.

१८. चंद्राची सावली आधी येते की चंद्र?

प्रतियुतीच्या आधी सावली पुढे, चंद्र मागून. प्रतियुतीनंतर चंद्र पुढे, सावली मागून. प्रतियुतीच्या आसपास दोघे जवळपास एकमेकांवर. गुरूची प्रतियुती साधारण १३ महिन्यांनी येते, २०२६ मध्ये १० जानेवारीला होती. सावली मात्र कुठल्याही दुर्बिणीला सोपी, शाईचा थेंब पडावा तशी काळीकुट्ट.

१९. शनीचे कुठले चंद्र येतात? आणि कडी इतकी बारीक का झालीत?

टायटन कशातही येतो, ८ व्या प्रतीच्या आसपास आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकं अंधुक). ऱ्हिया, टेथिस, डायोनी १० च्या आसपास, त्यांच्यासाठी वेगळा व्हिडिओ घ्या, एक्स्पोजर पाच-दहा पट, शनी जळू दे, नंतर दोन्ही चित्रं जोडा आणि जोडलंय हे लिहा. एन्सेलाडसला काळोखही लागतो आणि धीरही. गंमत आयापेटसची, त्याची एक बाजू कोळशासारखी काळी, म्हणून शनीच्या पश्चिमेला असताना १० व्या प्रतीचा आणि पूर्वेला १२ कडे उतरतो. कॅसिनीने १६७१ मध्ये तो शोधला तेव्हा पूर्वेला त्याला तो सापडतच नव्हता.

कड्यांचं असं की २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्यांच्या प्रतलातून गेली, तेव्हा ती एका रेघेवर आली होती, आता वर्षागणिक परत उघडतायत, दक्षिणेची बाजू दाखवत. त्याच काळात टायटनची सावली शनीच्या बिंबावर पडत होती, तसं परत बघायला २०३८-३९ उजाडेल.

एकदा मी शनीजवळ नवीन चंद्र शोधला होता, दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. तो हॉट पिक्सेल (सेन्सरवरचा कायम उजळ राहणारा बिघडलेला पिक्सेल) होता. ग्रह फ्रेममध्ये एकाच जागी खिळलेला असला की हॉट पिक्सेलही टिंबासारखा जागेवर राहतो, म्हणून व्हिडिओत ग्रह थोडा इकडेतिकडे सरकू द्या.

२०. मंगळाचे चंद्र काढता येतात?

येतात, पण हट्टाचं काम आहे. फोबोस ११ व्या प्रतीच्या पुढे, डीमोस १२ च्या पुढे, आणि तेही मंगळ अगदी जवळ असताना, शेजारी मंगळाचा झगमगाट. असाफ हॉलने १८७७ मध्ये शोधले तेही असंच जवळ आल्यावर. चंद्र मंगळापासून सगळ्यात लांब असतील ती वेळ काढा, मंगळ फ्रेमच्या बाहेर ढकला, आरसा स्वच्छ ठेवा.

सध्या मात्र घाई नको. मंगळाची प्रतियुती साधारण २६ महिन्यांनी येते पण दर वेळी सारखी नसते, २००३ मध्ये बिंब २५ आर्कसेकंद होतं, २०१८ मध्ये २४, जानेवारी २०२५ मध्ये १४.६, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये १४ सुद्धा भरणार नाही. परत मोठा होईल २०३५ ला.

२१. युरेनस, नेपच्यूनवर काही दिसतं का?

३.७ आणि २.३ आर्कसेकंद, म्हणजे रंगीत टिकल्या. ६१० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश सोडणारा फिल्टर आणि मोठी दुर्बीण असेल तर युरेनसचा ध्रुवाकडचा उजळ भाग येतो. मी तीनदा बसलो, एकदा आला. आला असं मला वाटतं.

२२. इन्फ्रारेड, मिथेन, यूव्ही, हे फिल्टर कधी?

६८५ नॅनोमीटरचा आयआर पास (त्याच्या पुढचा इन्फ्रारेड प्रकाश सोडणारा) सगळ्यात उपयोगी, लांब तरंगलांबीला हवा कमी हलवते म्हणून वाईट रात्रीही काहीतरी हाती लागतं. ८८९ चा मिथेन फिल्टर फक्त गुरू-शनीसाठी, त्यात उंचावरचे ढग आणि धुकं उजळ दिसतं, म्हणून गुरूचा तांबडा ठिपका पांढरा होतो. पण प्रकाश फार कमी, एक्स्पोजर ५० मिलिसेकंदांच्या पुढे. शुक्राचे ढग साध्या प्रकाशात दिसतच नाहीत, त्याला ३५० च्या आसपासचा यूव्ही लागतो.

शुक्र दिवसा उंच असताना काढलेला चांगला, पण सूर्य दुर्बिणीत एक क्षणही येता कामा नये, डोळा जातो. सावलीत उभं राहा, म्हणजे सूर्य एखाद्या भिंतीच्या आड असेल अशा जागी, आणि गोटो (दुर्बीण आपोआप ग्रहाकडे वळवणारी मोटर) चालू असताना झाकण लावून ठेवा. शोधक दुर्बिणीचंही.

२३. वेळ कुठली लिहायची आणि उत्तर वर की खाली?

वेळ यूटीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), व्हिडिओच्या मधोमधची, सुरुवातीची नाही. लॅपटॉपचं घड्याळ त्या रात्री इंटरनेटवरून जुळवून घ्या. उत्तर वर ठेवा, जुने निरीक्षक दक्षिण वर ठेवायचे पण आता गोंधळ होतो. गुरूचा तांबडा ठिपका दक्षिण गोलार्धात आहे, म्हणजे तुमच्या चित्रात खाली आला की दिशा बरोबर. डायगोनल (आयपीसच्या आधीचा तिरका आरसा) लावून काढलं असेल तर चित्र आरशातलं होतं, ते नुसतं फिरवून सुधारत नाही, पलटावं लागतं.

२४. व्हिडिओत गुरूवर एकदम काहीतरी चमकून गेलं. काय करू?

सगळ्यात आधी, व्हिडिओ डिलीट करू नका. एकाच फ्रेममध्ये असेल तर कॉस्मिक किरण सेन्सरवर आदळलाय, सोडून द्या. पण सेकंदभर उजळत जाऊन मग मावळत असेल, आणि ग्रह हलेल तसा त्याच्याबरोबर हलत असेल, तर ती खरी धडक असू शकते. १९ जुलै २००९ ला अँथनी वेस्लीला ऑस्ट्रेलियातून गुरूवर धडकेचा काळा डाग सापडला, आणि ३ जून २०१० ला त्याने नि फिलिपिन्समधल्या ख्रिस्टोफर गोने एकच चमक दोन ठिकाणांहून टिपली, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. दोघेही हौशी.

त्यामुळे त्याच वेळेला दुसऱ्या कुणी गुरू टिपलाय का ते लगेच विचारा, मधली यूटी वेळ द्या, कच्ची एसईआर फाइल जपा. जुने व्हिडिओ तपासायचे असतील तर डिटेक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते प्रत्येक फ्रेम चाळून चमक शोधतं. स्टॅक झाला म्हणून मी एकदा पूर्ण महिन्याचे व्हिडिओ उडवले होते, जागा हवी म्हणून. आता फाइल उडवण्याआधी ते रात्रभर चालवून ठेवतो. अजून काही सापडलेलं नाही.